कच्चं टिकलं, पक्कं खचलं: गावातलं घर घेण्याआधीच्या एका पाहणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पन्हाळा तालुक्यात, कासारी नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलंय, रकमा थोड्या गोल केल्यात. बाकी घडलं तसं लिहितोय. मी कोल्हापुरात सिव्हिल इंजिनिअर आहे. या व्यवहारात खरेदीदारांकडून घराची पाहणी मी केली होती, त्यामुळे यात माझ्याही चुका आल्या आहेत.

खरेदीदार म्हणजे पुण्यात नोकरी करून निवृत्तीला टेकलेलं जोडपं. ताईंचं माहेर करवीर तालुक्यातलं. मुलं परदेशी, आणि साहेबांना आता फ्लॅटमध्ये बसवेना. विकणारे अण्णा पासष्टी ओलांडलेले. मुलगा इचलकरंजीला स्थायिक, गावातलं घर सांभाळायला कोणी नाही.

घर गावठाणात, अडीच गुंठ्यांत. पुढचा भाग ऐंशीएक वर्षांचा. काळ्या दगडाचं जोतं, दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सोपा (पुढची ओसरी), माजघर (मधली खोली), वर मंगलोरी कौलं. मागं १९९९ साली बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या आणि न्हाणी-संडास. त्यामागं परडं, म्हणजे परसू, आणि परड्याच्या कडेनं ओढा. डावीकडची भिंत शेजाऱ्याशी सामाईक. मूळचा एकच वाडा दोन भावकींत वाटला गेलेला.

मागणी २४ लाखांची. पाडव्याला इसार म्हणून, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, २ लाख द्यायचे, असं अण्णांच्या पाव्हण्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पाडव्याला अजून तीन आठवडे होते.

अडचण

साहेबांनी थोडं कर्ज काढायचं म्हणून बँकेच्या मूल्यांकनकाराला आधीच घर दाखवलं होतं. त्याचा कागद आला: जागेची एक किंमत, मागच्या आरसीसी बांधकामाची साडेआठ लाख, आणि पुढच्या मातीच्या भागाची जवळपास नाहीच. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्येही (घरपट्टीच्या नोंदीत) तेच: पुढचं ‘दगड-माती, कौलारू’, मागचं ‘आरसीसी’. अण्णाही घर दाखवताना पुढच्या सोप्यातून भरभर मागं न्यायचे. “फुडचं काय, पाडून टाकशीला. मागचं पक्कं हाय.”

म्हणजे बँक, ग्रामपंचायत आणि मालक, तिघांचं एकमत होतं की किमतीचं घर मागं आहे. ताई एवढंच म्हणाल्या, “मला मागच्या खोलीत वास येतो. पुढं येत नाही.” फोन मला आला तो या वासापायी.

मूल्यांकन आणि पाहणी या दोन गोष्टींत लोक फार गफलत करतात, म्हणून इथं जरा थांबतो. बँकेचा माणूस बघतो की कर्ज बुडालं तर या मिळकतीतून पैसे निघतील का. छपराचा वासा कुजलाय का, भिंत ओल पितेय का, हे बघायला त्याला सांगितलेलंच नसतं. तो अर्ध्या तासात फोटो काढून जातो, आणि त्याच्या कामापुरतं ते बरोबरही असतं. कागदावर शिक्का आला की घर तपासून झालं असं समजणारे आपण.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: इसार देऊन टाकायचा, डागडुजी नंतर बघू. साहेबांचा कल तिकडंच होता, कारण कौलारू सोपा त्यांना बघताक्षणी आवडला होता आणि दुसरं गिऱ्हाईक आहे असं कानावर घातलं गेलं होतं. (दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक व्यवहारात असतं. मला ते आजवर कधी भेटलेलं नाही.)

दुसरा, ओळखीचा गवंडी नेऊन दाखवायचा. यात वाईट काही नाही. चांगला गवंडी भिंतीला हात लावून जे सांगेल ते माझं यंत्रही सांगत नाही. पण तो पुढं त्याच घराचं काम मिळेल या आशेनं बोलतो, आणि लिहून देत नाही.

तिसरा, इसाराआधी रीतसर पाहणी आणि लेखी अहवाल. खर्च १५,००० रुपये. अडचण पैशाची नव्हती, अण्णांची होती. गावात घर बघायला इंजिनिअर आणला की मालकाला वाटतं, माझ्या बोलण्यावर विश्वास नाही. पाव्हण्यांनी ताईंना तसं स्पष्ट सांगितलंही: “माणूस दुखावला तर व्यवहार मोडंल.”

चौथा, हे सोडून मोकळा प्लॉट घेऊन नवं बांधायचं. त्यावर दोन दिवस बोलणं झालं आणि विषय मागं पडला. ताईंना जुनंच घर हवं होतं.

निर्णयाचा पहिला क्षण इथं आला. ताईंनी स्वतः अण्णांना फोन केला. ‘तपासणी’ हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. म्हणाल्या, “अण्णा, आम्हाला जुन्या घराची माहिती नाही. पावसाळ्याआधी काय काय करावं लागतं ते बघायला एक माणूस आणते, तुम्हीच त्याला सगळं दाखवा.” अण्णा तयार झाले. पुढचे चार तास ते माझ्याबरोबर फिरले, शिडीही त्यांनीच धरली.

पाहणीत काय दिसलं

सुरुवात मी बोळातून केली. दाराला तीन पायऱ्या होत्या म्हणे. आता एकच दिसते. ग्रामपंचायतीनं आधी खडी टाकली, मग डांबर, मग काँक्रीट, आणि जुनं कोणी उकरलं नाही. जोतं खाली गेलेलं नाही, रस्ता वर आलाय. पण पाण्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. पावसात बोळातलं पाणी आता जोत्याच्या वरच्या थराला लागतं.

आत सोप्याच्या भिंतींना वीस वर्षांपूर्वी चिकन जाळी मारून सिमेंटचा गिलावा केलेला. जमिनीपासून दीड फुटापर्यंत तो पोकळ वाजत होता. सुटलेला एक तुकडा अण्णांच्या परवानगीनं काढला, तर मागं पांढरा लोणा (ओलीबरोबर वर आलेलं मीठ) आणि बोटानं झडणारी माती. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडीफार ओढतेच, आणि दोन्ही अंगांनी वाळतेही. तिला सिमेंटनं लिंपलं की आलेली ओल आतच कोंडते. घर पक्कं करायला म्हणून केलेल्या कामानं भिंतीचा पाय पोखरला होता. वर मात्र, दीड फुटाच्या पुढं, भिंत ठणठणीत. ओळंबा सोडून पाहिला, फरक नगण्य.

माजघराच्या दारावर एक तिरकी भेग होती. मी तिच्याकडं बघतोय म्हटल्यावर अण्णा म्हणाले, “ती कोयनेची. वडील सांगायचे.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. भिंगानं पाहिलं तर भेगेच्या कडा गोलसर झालेल्या आणि चुन्याचे थरावर थर भेगेच्या आत उतरलेले. दरवर्षी दिवाळीला सफेदी झाली, प्रत्येक वेळी चुना भेगेत गेला आणि तो थर नंतर कुठं तुटला नाही. म्हणजे भिंत तेव्हा हलली, त्यानंतर जागची हललेली नाही. ताज्या भेगेची कड धारदार असते आणि आतला रंग वेगळा, स्वच्छ दिसतो. अहवालात ही भेग मी ‘जुनी, स्थिर’ म्हणून नोंदवली.

छपराचं लाकूड स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलं. आढं आणि तुळया सागवानी, टोच आत जाईना. वासे जंगली लाकडाचे. त्यातल्या आठांची भिंतीत रुतलेली टोकं भुसभुशीत. खांब दगडी तळखड्यावर उभे असल्यानं वाळवीपासून वाचले होते. वाळवीची मातीची नळी एका चौकटीवर तेवढी सापडली, जिथं नंतर कोणीतरी फरशी घालताना चौकटीचा पाय जमिनीत गाडला होता.

मग मागं गेलो. ताई म्हणत होत्या तो वास दारातच आला.

खोलीला खालून चार फुटांपर्यंत नवी कोरी टाइल. बेडरूमला टाइल कशाला? एक रुपयाचं नाणं घेऊन वाजवत गेलो. खालच्या दोन रांगा पोकळ. विजेचे सगळे बोर्ड छातीच्याही वर. पुढच्या सोप्यात मात्र ते गुडघ्याएवढ्या उंचीवर होते. मी काही बोललो नाही. परड्याच्या कडेला गुरांना वैरण टाकणाऱ्या आजींना विचारलं, “मावशी, एकवीस सालात हितं पाणी आलतं का?” त्यांनी मांडीपाशी हात दाखवला.

नदीच्या पूररेषेच्या नकाशात हे घर निळ्या रेषेबाहेर होतं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाची. पण इथं पाणी नदीचं आलंच नव्हतं. कासारी तुडुंब झाली की ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, फुगवटा मागं सरकतो आणि परड्यात चढतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा, जिच्यात कासारीचं पाणी जातं, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी मागची खोली पाण्यात होती. पुढच्या भागाचं जोतं तीन फूट उंच, तिथं पाण्याचा थेंब नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या माणसाला ओढा ठाऊक होता. १९९९ च्या मिस्त्रीनं परड्याच्या पातळीलाच फरशी घातली.

न्हाणीच्या छताचं काँक्रीट ताटाएवढं पडलेलं, सळ्या उघड्या. पडलेल्या कडेचा थोडा ताजा भाग फोडून त्यावर फिनॉल्फ्थलीनचं द्रावण मारलं. धड काँक्रीटवर ते गर्द गुलाबी होतं. इथं सळीपर्यंत आणि सळीच्या पलीकडंही रंगच आला नाही. काँक्रीटमधला अल्कलीपणा सळीला गंजू देत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो हळूहळू मरतो. सळीवरचं आवरण जाड असेल तर याला पन्नास-साठ वर्षंही लागतात, इथं ते जेमतेम अर्धा इंच होतं. गंज फुगतो आणि काँक्रीट ढकलून पाडतो. दोन्ही खोल्यांच्या स्लॅबखाली हातोडी वाजवली, निम्म्याहून जास्त पोकळ.

शेवटची गोष्ट जुन्या-नव्याच्या सांध्याची. तिथं खालून वर रुंदावत गेलेली भेग होती, खाली ३ मिलिमीटर, वर ८. कडा धारदार. मागचा भाग परड्याकडं कलतोय असा अंदाज. काळ्या मातीत उथळ पाया असला की हे होतं. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसनं काचेच्या तीन पट्ट्या चिकटवल्या आणि तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकणार.

काय ठरलं, काय केलं

अहवाल आठ पानांचा झाला. थोडक्यात: पुढचा भाग ठेवण्यासारखा, दुरुस्ती अडीच लाख. मागचा भाग वापरू नये. उतरवून उंच जोत्यावर न्हाणी-संडास आणि हलक्या छपराची एक खोली, साडेतीन लाख. पाण्याचा निचरा ७५ हजार. एकूण पावणेसात.

साहेबांनी पहिल्यांदा सोडूनच द्या म्हटलं. रात्री त्यांचा पुन्हा फोन: पुढचा भाग टिकणार असेल तर आपण नेमके कशाचे पैसे देतोय? प्रश्न रास्त होता. २४ लाखांतला मोठा वाटा ज्या स्लॅबचा, तोच पाडायचा होता.

दुसरा निर्णय, अहवाल अण्णांना दाखवायचा की नाही. मी म्हटलं, दाखवू नका; फक्त आकडा सांगा. माणूस चिडतो. ताईंनी माझं ऐकलं नाही. त्या अहवाल घेऊन गेल्या आणि सोप्यात बसून मोठ्यानं वाचला, कोयनेच्या भेगेपासून. मीही होतो. पुढच्या भागाबद्दल चांगलं लिहिलेलं ऐकताना अण्णा भिंतीकडं बघत राहिले. मागच्या खोलीचं पान आलं तेव्हा म्हणाले, “थोरलीच्या लग्नाला पाव्हणं येणार म्हणून दोन महिन्यांत उठवलं ते. मिस्त्री स्वस्तातला बघितला.” आणि मग, आपणहून, “पाणी दोनदा आलंय. टाइल त्यासाठीच.”

पाडव्याचा इसार झाला नाही. पाव्हणे रुसले. तडजोड एप्रिलअखेर झाली: २१ लाख, इसार १ लाख, आणि जातं व देवघराची फळी अण्णा नेणार. वकिलांनी मालकीहक्काचा शोध घेतला तेव्हा अण्णांच्या दोन बहिणींचा हक्क निघाला, त्यांच्या सह्या घेतल्या; त्यात फार ताण आला नाही. एक काम वकिलांनी चांगलं केलं. साठेखताला (खरेदीखताआधीच्या विक्रीच्या कराराला) अहवाल जोडला आणि ‘यात नमूद स्थितीत मिळकत पाहून घेतली’ असं कलम घातलं. त्यामुळे नंतर दोन्ही बाजूंना बोलायला जागा उरली नाही. खरेदीखत जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं.

पुढं काय झालं

खरेदीखताआधीच, मे महिन्यात आठ वासे बदलले, वाळवीची चौकट मोकळी केली, शाकारणी केली, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवली. शाकारणी करणारी माणसं मिळवायला तीन गावं फिरावं लागलं. सिमेंटचा गिलावा आतून काढला, चुना-मातीचा केला. मागच्या खोल्यांना लोखंडी टेकू लावून कुलूप घातलं. पावसाळा संपल्यावर उतरवायचं ठरलं.

जुलैत पाऊस लागला. रेडेडोह फुटून, म्हणजे तिथं पुराचं पाणी पात्राबाहेर पडून, रत्नागिरी रोड बंद झाला, मला जाता येईना. ताईंनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. पहिल्या फोटोत काचेच्या तीनपैकी दोन पट्ट्या तडकलेल्या. ते अपेक्षित होतं. दुसऱ्या फोटोत माजघराची डावी भिंत, सामाईक भिंत, काळी पडलेली आणि मधोमध पोटाळलेली, म्हणजे फुगून बाहेर आलेली.

शेजाऱ्यानं मेअखेरीस आपला भाग पाडला होता. दोन घरांच्या मधली, आयुष्यात कधी पाऊस न बघितलेली मातीची भिंत पहिल्यांदाच उघडी पडली. निम्मा जून तिनं झोडपून घेतला. पावसातच बाहेरून पत्र्याचा आडोसा मारला, आतून टेकू दिले, आणि पाऊस ओसरल्यावर पोटाळलेला भाग खालपासून नव्यानं रचला. १ लाख १० हजार गेले. मागचं काम नोव्हेंबरात झालं. सगळं मिळून दुरुस्ती पावणेनऊ लाखांवर गेली. माझा अंदाज दोन लाखांनी चुकला, त्यातली निम्मी चूक या भिंतीची.

पुन्हा करायचं झालं तर

शेजाऱ्याचं प्रकरण मला दिसायला हवं होतं. खरं तर दिसलं होतं. मार्चच्या फोटोंमध्ये क्रमांक ४१ चा फोटो आहे: भिंतीपलीकडच्या परड्यात उतरवलेली कौलं नीट रांगेत रचून ठेवलेली, बाजूला वासे. मी तो फोटो सामाईक भिंतीची उंची दिसावी म्हणून काढला. कौलं उतरवून रचणारा माणूस घर पाडायच्या बेतात आहे, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. शेजारी पुण्याला राहतात, घराला कुलूप होतं, म्हणून मी पुढं गेलो. ताईंकडून एक फोन करवला असता, तर साठेखताआधी त्या भिंतीबद्दल लेखी ठरलं असतं किंवा निदान पत्रा तरी आधी लागला असता. आता माझ्या पाहणीच्या यादीत ‘शेजाऱ्यांचा बेत काय’ ही ओळ आहे.

काचेच्या पट्ट्यांचंही तसंच. मार्च-एप्रिलचे पाच आठवडे त्या शाबूत राहिल्या, आणि साहेबांना त्याचा धीर आला. मी अहवालात लिहिलं होतं की काळ्या मातीतली हालचाल पाऊस लागल्यावर कळते. पण ते सातव्या पानावर, बारीक अक्षरांत. ते पहिल्या पानावर हवं होतं. शक्य असेल तर असं घर एकदा भर पावसात बघावं. नसेल तर गेल्या पावसाच्या खुणा शोधाव्यात आणि आजींना विचारावं.

क्रमाबद्दल माझं आणि वकिलांचं अजून पटलेलं नाही. ते म्हणतात आधी हक्काचा शोध, मग पाहणी. बहिणी अडल्या असत्या तर १५,००० पाण्यात गेले असते. मी म्हणतो, आधी दोन तासांची वरवरची चक्कर, मग शोध, मग पूर्ण पाहणी. शौचालयाची टाकी मात्र आम्ही उघडून बघितली नाही, हे दोघांनाही कबूल आहे. ती पाडकामात निघाली. टाकी नव्हतीच, खड्डा होता.

अहवाल अण्णांना दाखवण्याबद्दल मी चुकलो होतो, ते सांगून झालंच आहे. तरी प्रत्येक वेळी ते चालेल असं मी म्हणणार नाही. तिथं वाचणाऱ्या ताई होत्या, आणि सुरुवात चांगल्या पानांनी झाली.

शेजाऱ्याला आता त्या मोकळ्या जागेत तीन मजली स्लॅबचं घर बांधायचंय. पाया आपल्या जोत्याला लागूनच खोदला जाणार. खोदायच्या आधी कळवतो, असं त्यानं कबूल केलंय. तोंडी. ताईंनी मला विचारलं, लिहून घेऊ का? मी हो म्हटलं. अजून घेतलेलं नाही.